अकरा वर्षांची धडधड आणि दहा सेकंदांचा कागद

२४ सप्टेंबर २०२४ रोजी पुण्यातील एका रुग्णालयात माझ्या हृदयाची ईपी स्टडी, म्हणजे शिरेतून तारा घालून हृदयातील विजेची वाट पाहण्याची तपासणी झाली आणि त्याच बैठकीत अब्लेशन, म्हणजे त्रास देणारी वाट उष्णतेने बंद करण्याचा उपचारही झाला. त्याआधीचे तीन महिने मी मराठीत याविषयी काही वाचायला मिळते का ते शोधत होते. डॉक्टरांनी लिहिलेली माहिती मिळाली, परंतु त्या टेबलावर पडून राहिलेल्या माणसाला काय वाटते, किती दिवस थांबावे लागते, कोणता कागद कुठे लागतो, हे सांगणारे फारसे हाती लागले नाही. म्हणून घडले तसे, क्रमाने लिहून ठेवत आहे. प्रत्येकाची प्रकृती वेगळी असल्यामुळे औषधांबाबत मात्र आपल्या डॉक्टरांनाच विचारावे.

सुरुवात २०१३ मध्ये झाली. नारायण पेठेतील आमच्या घरात पाणी भरताना मी बादली उचलायला वाकले आणि एका क्षणात हृदय इतक्या वेगाने धावू लागले की ठोके मोजता येईनात. छातीपेक्षाही गळ्यात अधिक जाणवत होते. आरशात पाहिले तर गळ्याच्या खळगीजवळची कातडी थडथड उडताना दिसत होती. वीस-पंचवीस मिनिटांनी जसे सुरू झाले तसेच ते एकाएकी थांबले आणि नंतर तासभर वारंवार लघवीला जावे लागले. घराजवळच्या डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत नाडी ७८ झाली होती आणि ईसीजी पूर्ण व्यवस्थित आला. मी शिकवत असलेल्या शाळेतील परीक्षांचे दिवस होते, त्यामुळे ताणाचा परिणाम असावा असे निदान झाले. तेव्हा मलाही ते पटले.

पुढील अकरा वर्षे हेच चक्र चालू राहिले. प्रथम वर्षातून दोन-तीनदा, मग दोन महिन्यांतून एकदा आणि २०२२ नंतर जवळजवळ दर महिन्याला धडधड होऊ लागली. दर वेळी दवाखान्यात पोहोचण्याआधी ती थांबलेली असे. मध्ये आठ महिने मला चिंतारोगावरील गोळ्याही देण्यात आल्या. वर्गात फळ्यावर लिहिताना धडधड सुरू झाली की मी मुलांना वाचायला सांगून खुर्चीत बसत असे आणि आपण मनाने दुबळ्या आहोत ही समजूत हळूहळू माझ्या मनात पक्की होत गेली. आज मागे वळून पाहताना त्या धडधडीपेक्षा या समजुतीचे दुःख मला अधिक वाटते. साधा ईसीजी हृदयाची सुमारे दहा सेकंदांची नोंद घेतो. त्या दहा सेकंदांत जे घडत नाही ते कागदावर उमटू शकत नाही, एवढी साधी गोष्ट तेव्हा मला कोणी समजावून सांगितली नव्हती.

२०१९ मध्ये दोन प्रसंग घडले. चोवीस तास सतत ईसीजी नोंदवणारे होल्टर यंत्र अंगावर लावून मी एक दिवस काढला, त्यासाठी २,५०० रुपये भरले आणि नेमके त्या दिवशी काहीच झाले नाही. दुसरा प्रसंग एका तपासणी केंद्रातला. तेथील ईसीजीचा अहवाल वाचून हृदय उजव्या बाजूला असल्याची शंका लिहून आली आणि घरात दोन रात्री कोणी झोपले नाही. पुन्हा ईसीजी काढल्यावर कळले की डाव्या आणि उजव्या हाताच्या वायरींची अदलाबदल झाली होती. हृदयातील विद्युत्‌संकेत साधारणपणे वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे जातो. हातांच्या वायरी उलट लावल्या की यंत्राला तो उलट दिशेने जाताना दिसतो आणि पहिल्या रेघेतील लाटा डोके खाली करून उमटतात. मनगटावरच्या चिमट्यांमधून हृदयाची दिशा कळते, हे मला त्या चुकीमुळे प्रथम समजले.

९ जून २०२४ च्या रविवारी रात्री साडेदहाला धडधड सुरू झाली आणि या वेळी पाऊण तास होऊनही ती थांबेना. यजमानांनी रिक्षा आणली. दोन जिने उतरताना डोळ्यांपुढे अंधारी येत होती. रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत सिस्टरांनी काहीही विचारण्याआधी ईसीजी काढला आणि कागद बाहेर आला तेव्हा ठोके मिनिटाला १८८ होते. त्या अवस्थेतही मला रडू आले ते सुटल्यासारखे वाटून. अकरा वर्षांत प्रथमच माझे सांगणे कागदावर उमटले होते.

डॉक्टरांनी मला दहा मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये पंधरा सेकंद जोराने फुंकायला सांगितले आणि लगेच आडवे करून दोन्ही पाय वर उचलून धरले. ही युक्ती खरोखर उपयोगाची आहे. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नुसते बसून फुंकल्यावर १७ टक्के रुग्णांची धडधड थांबली होती, तर फुंकून पाय वर केल्यावर ४३ टक्के रुग्णांची थांबली होती. माझी थांबली नाही. मग दम्याचा त्रास आहे का, चहा-कॉफी कधी घेतली, हे विचारून कोपराजवळच्या शिरेत धडधड थांबवणारे औषध अ‍ॅडिनोसिन दिले गेले. सिस्टर म्हणाल्या, "ताई, काही सेकंद फार वाईट वाटेल, पण मी इथेच आहे, हात सोडत नाही." आधी ६ मिलिग्रॅम, मग १२. दुसऱ्या वेळी छातीवर मोठे ओझे ठेवल्यासारखे झाले, चेहरा तापला, पडद्यावरची रेघ तीन-चार सेकंद जवळजवळ सपाट राहिली आणि त्यानंतर एकेक ठोका शांतपणे पडू लागला. त्या रात्रीचे बिल ६,८४० रुपये झाले.

यातील सर्वांत महत्त्वाची सूचना येथेच लिहिते. धडधड चालू असतानाचा ईसीजी आणि औषध देतानाची लांब पट्टी, दोन्ही कागद रुग्णालयातून मागून घ्यावेत. हा कागद उष्णतेवर छापणारा असतो, त्यामुळे काही महिन्यांत तो फिका पडू लागतो आणि लॅमिनेशन केले तर पूर्ण काळा होतो. मी दुसऱ्याच दिवशी त्याच्या तीन साध्या झेरॉक्स प्रती काढल्या आणि मोबाइलवर छायाचित्र घेतले. पुढे प्रत्येक टेबलावर पहिली मागणी याच कागदाची झाली.

१४ जूनला हृदयरोगतज्ज्ञांनी इको (हृदयाची सोनोग्राफी), थायरॉइड आणि रक्तातील क्षारांच्या तपासण्या करवून घेतल्या. सर्व काही ठीक होते. हृदयाचे पंपाचे काम उत्तम होते, दोष असलाच तर तो विजेच्या वाटेत होता. त्यांनी मला इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्टकडे, म्हणजे हृदयाच्या विजेच्या तज्ज्ञांकडे पाठवले. ते मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळीच भेटत असल्यामुळे २ जुलैची वेळ मिळाली. तोपर्यंतच्या अठरा दिवसांत मी बादली उचलली नाही, जिना एकटीने चढले नाही आणि रात्री डाव्या कुशीवर झोपले नाही. यातल्या बऱ्याचशा भीतीला काही आधार नव्हता हे नंतर कळले, पण तेव्हा ती खरी होती.

२ जुलैची भेट पस्तीस मिनिटांची झाली. तपासणीची फी १,२०० रुपये होती. डॉक्टरांनी कागदाच्या मागे हृदयाचे चार कप्पे काढले आणि वरच्या दोन कप्प्यांच्या व खालच्या दोन कप्प्यांच्या मध्ये आडवी रेघ ओढली. म्हणाले, "ही मुठा नदी समजा." वरच्या उजव्या कप्प्यात, मोठी शीर जिथे येऊन मिळते त्या कोपऱ्यात, सायनस नोड नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो. विश्रांतीत असताना तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा आपोआप संकेत सोडतो. पेशींच्या आवरणातून सोडियम, कॅल्शियम आणि पोटॅशियमचे भारित कण आतबाहेर होतात, एका पेशीची अवस्था बदलली की ती शेजारच्या पेशीला जागे करते आणि ही लाट वरच्या दोन्ही कप्प्यांत पसरते. खाली मात्र तिला सरळ उतरता येत नाही, कारण वरच्या आणि खालच्या कप्प्यांमध्ये वीज न वाहणाऱ्या तंतूंचे कडे असते. तीच नदी. ती ओलांडायला निरोगी हृदयात एकच पूल असतो, एव्ही नोड.

या पुलावर संकेत मुद्दाम रेंगाळतो. येथे त्याचा वेग सेकंदाला सुमारे पाच सेंटिमीटर इतका कमी होतो आणि साधारण एक दशांश सेकंदाचा उशीर लागतो. हा उशीर फार मोलाचा आहे, कारण तेवढ्या वेळात वरच्या कप्प्यांतील रक्त खालच्या कप्प्यांत उतरते. पूल ओलांडल्यावर हिस बंडल हा तंतूंचा जुडगा, त्याच्या उजव्या-डाव्या शाखा आणि पर्किंजे तंतू यांतून तोच संकेत सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावतो आणि खालचे कप्पे जवळजवळ एकाच क्षणी आकुंचन पावतात. विल्हेल्म हिस या संशोधकांनी आपल्या नावाच्या बंडलाचे वर्णन १८९३ मध्ये केले, जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी जर्मनीत काम करताना एव्ही नोडची रचना १९०६ मध्ये मांडली आणि सायनस नोड त्याच्या पुढच्या वर्षी, १९०७ मध्ये, कीथ आणि फ्लॅक या ब्रिटिश संशोधकांना सापडला. म्हणजे वाटेचा शेवट आधी कळला आणि उगम सर्वांत शेवटी. माझ्यासारख्या भूगोलाच्या शिक्षिकेला हा क्रम ओळखीचा वाटला, कारण नद्यांच्या उगमांचा शोधही बहुधा असाच उलटा होत गेला आहे.

माझ्या पुलाशी दोन मार्गिका होत्या. एक जलद, पण एकदा संकेत गेल्यावर पुन्हा तयार व्हायला वेळ घेणारी. दुसरी संथ, पण लवकर तयार होणारी. एखादा ठोका वेळेआधी पडला की जलद मार्गिका अजून तयार नसते, संकेत संथ मार्गिकेने खाली उतरतो आणि तोपर्यंत मोकळी झालेली जलद मार्गिका त्याला परत वर नेते. मग तो पुलापाशीच गोल गोल फिरत राहतो आणि प्रत्येक फेरीला हृदयाचा एक ठोका पडतो. या विकाराचे नाव एव्हीएनआरटी. वरचे आणि खालचे कप्पे एकाच वेळी आवळले जात असल्यामुळे रक्ताचा धक्का मागे गळ्यातील शिरांवर बसतो. आरशात दिसणाऱ्या त्या थडथडीचे कारण अकरा वर्षांनी मला एका वाक्यात मिळाले. हा विकार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये अधिक आढळतो, असेही डॉक्टर म्हणाले आणि अनेकींना आधी चिंतारोगाचेच औषध मिळते हेही त्यांनी स्वतःहून सांगितले.

मी विचारले की इतका लहानसा प्रवाह मनगटापर्यंत पोहोचतो तरी कसा. त्यांचे उत्तर असे होते की शरीरातील द्रव खारट असल्यामुळे वीज वाहून नेतात. हृदयात लाट सरकते तेव्हा तिच्याभोवतीचे विद्युत्‌क्षेत्र सर्व शरीरात पसरते आणि त्वचेवर सुमारे एक मिलिव्होल्टचा फरक मोजता येतो. ईसीजी यंत्र बनवणारे डच शास्त्रज्ञ आइन्थोव्हेन यांच्या पहिल्या यंत्रावर नोंद घेताना माणसाला दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. १९२४ चे नोबेल त्यांना याच कामासाठी मिळाले. आता भांड्यांच्या जागी चिमटे आणि जेल आले आहे. ईसीजीच्या दिवशी हातापायांना तेल किंवा क्रीम लावू नये, एवढी सूचना यावरून लक्षात ठेवण्यासारखी आहे.

डॉक्टरांनी दोन पर्याय दिले. रोज गोळी घ्यायची, किंवा संथ मार्गिका उष्णतेने कायमची बंद करायची. दुसऱ्यात यश ९५ टक्क्यांहून अधिक, मात्र सुमारे शंभरात एकापर्यंत रुग्णांत मुख्य पुलालाच इजा होऊन पेसमेकर बसवावा लागू शकतो. या एका टक्क्याने मला दीड महिना थांबवले. मी गोळी सुरू केली, दिवसभर थकवा जाणवू लागला आणि तरीही ऑगस्टमध्ये एकदा धडधड झालीच. तेव्हा निर्णय घेतला.

पहिली तारीख १७ सप्टेंबर मिळाली होती. त्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या मिरवणुकीमुळे पेठांतले रस्ते बंद असतात आणि जांघेत जखम घेऊन घरी कसे परतणार या विचाराने आम्ही आठवडा पुढे मागून घेतला. रुग्णालयाने विनातक्रार बदल केला. मध्यवस्तीत राहणाऱ्यांनी तारीख घेताना पंचांग जरूर पाहावे.

मेडिक्लेमच्या कामाला या मधल्या काळात सुरुवात करावी. अंदाजपत्रक १,४८,००० रुपयांचे होते. त्रिमितीय नकाशा काढणारी यंत्रणा वापरल्यास खर्च एक लाखाने वाढला असता, पण माझ्या विकारासाठी ती आवश्यक नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. कॅशलेस मंजुरीसाठी अर्ज गेल्यावर दोन दिवसांनी विमा कंपनीची शंका आली: त्रास प्रथम केव्हा सुरू झाला आणि पॉलिसी घेण्याआधीपासून होता का. आमची पॉलिसी २०१६ ची आणि पहिली धडधड २०१३ ची. मी काहीही न लपवता घराजवळच्या डॉक्टरांकडून पत्र घेतले की धडधड २०१३ पासून होती, मात्र निदान जून २०२४ मध्ये झाले. सोबत जूनचा ईसीजी आणि पॉलिसीच्या सलग नूतनीकरणाच्या पावत्या जोडल्या. चौथ्या दिवशी मंजुरी आली. पावत्या एकाच फाइलमध्ये असल्यामुळे हे चार दिवसांत झाले.

गोळी तीन दिवस आधी बंद करायला सांगितली होती, कारण तपासणीत धडधड मुद्दाम सुरू करून पाहायची असते आणि गोळीच्या प्रभावाखाली ती सुरू होत नाही. ते तीन दिवस सर्वांत कठीण गेले. २३ सप्टेंबरला संध्याकाळी भरती झाले, २५,००० रुपये अनामत भरली, रक्ताच्या तपासण्या झाल्या आणि दोन्ही जांघांचे केस काढले गेले. संमतिपत्र इंग्रजीत होते. मी ते मराठीत समजावून मागितले आणि निवासी डॉक्टरांनी रात्री नऊ वाजता खुर्ची ओढून प्रत्येक ओळ समजावून दिली. हे मागायला संकोच करू नये.

सकाळी साडेनऊला कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयात तारा घालून तपासणी करण्याच्या खोलीत, नेले. खोली फार थंड असते, पायमोजे चालतात का ते आधी विचारून ठेवावे. पूर्ण भूल देत नाहीत. उजव्या जांघेत इंजेक्शनने जागा बधिर केली, ते दोन-तीन वेळा चुरचुरले आणि नंतर फक्त दाब जाणवला. तेथील शिरेतून चार बारीक तारा हृदयापर्यंत गेल्या आणि वेगवेगळ्या ठिकाणी थांबल्या: एक वरच्या कप्प्यात, एक हिस बंडलजवळ, एक खालच्या कप्प्यात आणि एक हृदयाच्या स्वतःच्या मोठ्या शिरेत. मान वळवल्यावर पडदा दिसत होता. एकाच ठोक्याचे चार ठिकाणचे ठसे एकाखाली एक उमटत होते, वरच्या कप्प्यातला आधी, मग हिसचा इवलासा टोकदार ठसा आणि मग खालचा. कागदावर काढलेली वाट मी माझ्याच हृदयात पाहत होते.

मग तंत्रज्ञांनी यंत्रातून ठोके द्यायला सुरुवात केली. आठ ठोके ठरावीक अंतराने आणि नववा थोडा आधी, पुढच्या खेपेला आणखी दहा मिलिसेकंद आधी. ते मोठ्याने आकडे सांगत होते, "तीनशे साठ... तीनशे पन्नास... तीनशे चाळीस," आणि तीनशे तीसला डॉक्टर म्हणाले, "जंप." पुलावरचा उशीर एकदम वाढला होता, म्हणजे संकेताने जलद मार्गिका सोडून संथ मार्गिका धरली होती. धडधड मात्र लगेच लागेना. हृदयाचा वेग वाढवणारे औषध शिरेतून सुरू केले आणि काही मिनिटांत ती आली. गळ्यातली तीच थडथड. डॉक्टरांनी विचारले, "ताई, हीच का?" मी म्हणाले, "हीच." अकरा वर्षे जी माझ्या एकटीची होती ती त्या खोलीतली सहा माणसे पाहत होती. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळले आणि सिस्टरांनी न विचारता ते पुसले. यंत्राच्या दोन ठोक्यांनी तिला थांबवले गेले.

अब्लेशनच्या वेळी हलायचे नसते आणि दीर्घ श्वासही घ्यायचा नसतो, कारण संथ मार्गिका आणि हिस बंडल यांच्यात काही मिलिमीटरचेच अंतर असते. तारेचे टोक पन्नास-साठ अंशांपर्यंत तापते. छातीत किंचित ऊब आणि खांद्याकडे जाणारी हलकी कळ जाणवली. मध्येच हृदयाने काही वेगळे ठोके टाकले आणि मी घाबरले, पण डॉक्टर म्हणाले की जागा बरोबर असल्याचीच ती खूण आहे. चार वेळा ऊर्जा दिली, अर्धा तास थांबून सर्व प्रयोग औषधासह पुन्हा केले आणि धडधड सुरू झाली नाही. एकूण दोन तास दहा मिनिटे लागली.

त्यानंतर पाच तास उजवा पाय सरळ ठेवून पडून राहायचे होते. पाठ दुखते, कमरेखाली घालायला पातळ उशी आणि पाण्यासाठी स्ट्रॉ जवळ असावा. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी सोडले. अंतिम बिल १,६१,२५० रुपये झाले, विमा कंपनीने १,४९,९०० मंजूर केले आणि हातमोजे, किट अशा वस्तूंचे ११,३५० आम्ही भरले. भरतीपूर्वीच्या तीस दिवसांतील तपासण्यांची बिले नंतर वेगळी पाठवता येतात. जूनमधला खर्च त्या मुदतीत बसत नव्हता, तो आमच्याकडेच राहिला.

जांघेवर तळहाताएवढा काळानिळा डाग आला, तो अठरा दिवसांनी गेला. आठवडाभर दुचाकी आणि वजन उचलणे बंद होते, दोन जिने दिवसातून एकदाच चढायचे होते. मनाची तयारी ठेवावी अशी एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती: पुढचे पाच-सहा आठवडे अधूनमधून एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि दर वेळी पुढे धडधड सुरू होईल म्हणून श्वास रोखला जातो. जी ठिणगी पूर्वी आग लावत असे ती अजून पडते, पण तिला फिरायला आता वाट नाही, असे डॉक्टरांनी फोनवर समजावले. तरीही आधीची काही वर्षे अंगात मुरलेली असतात आणि ती सवय सुटायला वेळ लागतो.

२९ ऑक्टोबरला पुन्हा दाखवायला गेले. ईसीजीचा कागद माझ्या हाती आधी आला. त्यावरचा एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. वरच्या कप्प्यांची लाट सुरू होते तेथपासून खालच्या कप्प्यांची उंच रेघ सुरू होते तेथपर्यंत मी चौकोन मोजले. चार भरले. ०.१६ सेकंद, ०.१२ ते ०.२० या मर्यादेच्या मधोमध. पूल शाबूत होता. गोळी बंद झाली, पुढची तपासणी वर्षाने. त्या कागदाचीही झेरॉक्स काढून जूनच्या कागदाशेजारी फाइलमध्ये लावली आहे.